केशभूमीचे विकार आणि परसातील वनस्पती

(श्रींच्या वार्षिक उत्सवात देवस्थानच्या अग्रशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून विद्वानांची प्रवचने ऐकण्याची आपणांस सवय आहे. अशा जागी एका निवृत्त कारकुनाने उभे राहून डोक्यातील कोंड्याविषयी बोलावे, हे कित्येकांना थोडे विनोदी वाटेल. मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. लिसेवमध्ये शिकलो आणि पुढील सारे आयुष्य सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवण्यात गेले. कारकुनाला विद्या एकच येते. कागद पुढे आला की त्यावर नाव, तारीख, सही आणि शिक्का आहे की नाही हे पाहावे आणि नसेल तर तो नम्रपणे परत करावा. त्याच दृष्टीने मी आज आपल्या घरगुती औषधांकडे पाहणार आहे.

विषयाचे निमित्त असे घडले. मागील उत्सवात महाप्रसादाच्या पंगतीनंतर एका माउलीने मला विचारले, "भाऊ, तुम्ही झाडपाल्याची टिपणे ठेवता म्हणे. नातीच्या डोक्यात कोंडा झाला आहे, काय लावू?" मी म्हणालो, "आधी तो कोंडाच आहे का, हे कोणाकडून तरी पाहून घ्या." माउलीचा चेहरा उतरला. तिला झाडाचे नाव हवे होते आणि मी तिला प्रश्न परत दिला. त्या उत्तरामागे एक जुनी गोष्ट आहे. ती माझ्या चुकीची असल्यामुळे सांगताना संकोच होतो. परंतु श्रींच्या दारात संकोच कसला?

साल 1958. मी लिसेवचा विद्यार्थी होतो, आणि त्या वयात माणसाला सर्वच कळते. माझी धाकटी बहीण तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेतून तिच्या डोक्यात उवा आल्या. उत्सव तीन दिवसांवर आला होता आणि आजी आत्याकडे गेली होती. आजी उवांवर सीताफळाच्या बिया वाटून लावीत असे, हे मी लहानपणापासून पाहिले होते. सीताफळ म्हणजे आपले 'आतां'. अमेरिकेतून आलेल्या या झाडाने पोर्तुगीज नावासकट आपल्या परसात बिऱ्हाड थाटले आहे. मी मोठ्या रुबाबात मूठभर बिया पाट्यावर वाटल्या, चांगले पसरावे म्हणून पाण्यात पातळ केल्या, बहिणीला न्हाणीत बसवून ते डोक्यास चोळले आणि थोड्या वेळाने भाणातील पाणी वरून ओतले.

ते पाणी तिच्या डोळ्यांत उतरले. तिची किंकाळी मला अजून ऐकू येते. रात्रीपर्यंत पापण्या सुजून डोळे मिटले आणि दिव्याचा उजेडही तिला सोसवेना. पहाटेच्या कारेरीने वडील तिला पणजीस इस्पितळात घेऊन गेले. बुबुळावरील नाजूक पडदा त्या बियांच्या रसाने भाजला होता. दहा दिवस ती डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत होती. देवाच्या कृपेने दृष्टी शाबूत राहिली. परंतु त्या वर्षीची पालखी तिने पाहिली नाही, केवळ वाजंत्री ऐकली.

आजी परत आली. ती रागावली नाही. तिने मला तीन प्रश्न विचारले. बिया खोबरेल तेलात घट्ट कालवल्या होत्या काय? भुवयांच्या वर फडक्याची घडी आवळून बांधली होती काय? धुताना मुलीची मान मागे टाकली होती काय? तिन्ही प्रश्नांना माझे उत्तर 'नाही' असेच होते. तेव्हा ती म्हणाली, "मागीर तुवें म्हजें वखद लायलें ना, निखटी बी लायली." मी तिचे औषध लावलेच नव्हते, नुसते बी लावले होते.

सज्जनहो, माझे आजचे सारे व्याख्यान आजीच्या त्या एका वाक्यात आहे. झाड म्हणजे औषध नव्हे. रोगाची ओळख, मात्रा, लावण्याची रीत आणि थांबण्याची वेळ ही चार कलमे भरली म्हणजे झाडाचे औषध होते. आपण मात्र पिढी बदलताना झाडाचे नाव तेवढे लक्षात ठेवतो आणि उरलेली कलमे गाळतो. येथे एक खुलासा केला पाहिजे. सीताफळाच्या बियांनी डोळ्यांना झालेल्या इजांची नोंद आपल्या देशातील नेत्रवैद्यांनी वारंवार केलेली आहे. म्हणून आजीच्या तिन्ही अटी पाळूनसुद्धा हा उपाय आता कोणी करू नये. बारीक दातांची फणी आणि औषधांच्या दुकानात मिळणारी उवांची सौम्य औषधे आज उपलब्ध आहेत. आजीच्या काळी ती नव्हती.

आता मूळ विषयाकडे वळू. कोंडा म्हणजे काय? आपल्या शास्त्रकारांनी त्याला 'दारुणक' म्हटले. सुश्रुताने तो क्षुद्ररोगांत गणला, तर वाग्भटाने कपालाच्या नऊ विकारांत. केशभूमी कठीण व रुक्ष होते, खाज सुटते आणि त्वचा फुटते, हे त्यांचे निरीक्षण आजही यथार्थ आहे. युरोपात 1874 साली मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या खवल्यांत एक सूक्ष्म बुरशी पाहिली. पुढे तिला त्याच्याच नावावरून 'मालासेझिया' हे नाव मिळाले. ही बुरशी बहुतेक सर्वांच्या डोक्यावर असते. तिला स्वतःला स्निग्धाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती आपल्या त्वचेतील तेलकट स्रावावर जगते. त्या स्रावाचे विघटन होऊन जी आम्ले सुटतात, ती काही जणांच्या त्वचेस सोसत नाहीत. मग त्वचा घाईघाईने नवी होऊ लागते आणि जुने कण कच्चेच गळून पडतात. तो कोंडा. वयात आल्यानंतर सुमारे निम्म्या माणसांना तो केव्हा ना केव्हा होतो. यात अस्वच्छतेचा दोष नाही आणि लाज वाटण्यासारखे काही नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. आपल्याकडे कोंडा दिसला की डोक्यावर तेल थापण्याची चाल आहे. तेलाने खवले ओले होऊन केसांस चिकटतात, ते खांद्यावर पडत नाहीत, आणि कोंडा गेला असे वाटते. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवावयाची असेल तर पोषणासाठी ऑलिव्हचे तेल घालतात, हे मी वाचले तेव्हा प्रथम हसलो आणि मग गंभीर झालो. खोबरेल तेलाची मी निंदा करीत नाही; आपण नारळाच्या देशातील माणसे. खोबरेल केसांच्या आत मुरते आणि केस तुटण्यापासून जपते. परंतु तेल केसांसाठी आहे, कोंड्यासाठी नव्हे. न्हाण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास लावावे, खवले मऊ होऊ द्यावेत आणि मग स्वच्छ धुवून टाकावे. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाचीही रीत हीच आहे. तेल लावून तसेच निजण्यास आपल्या पूर्वजांनी अभ्यंग म्हटलेले नाही. त्यानंतर उटणे आहे आणि कढत पाणी आहे.

आता ओळखीचे कलम. डोक्यावरील प्रत्येक पांढरा कण कोंडा नसतो.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या धरतात. त्या बहुधा काही महिन्यांत आपोआप जातात. थोडे तेल लावून, मऊ झाल्यावर हळुवार धुणे एवढे पुरे. तेथे लिंबू नको, कडुनिंब नको आणि नखही नको.

शाळकरी मुलाच्या डोक्यावर वाटोळा चट्टा, त्यात तुटलेले खुंट आणि भुरकट खवले दिसले तर तो बहुधा गजकर्णाचा प्रकार असतो. यातील बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, म्हणून वरून लावलेला कोणताही पाला तिच्यापर्यंत पोहोचत नाही. पोटात घेण्याचे औषध लागते. असे पहिले औषध ग्रिसिओफुल्व्हिन. तेही एका बुरशीपासूनच मिळाले. 1939 साली ते सापडले आणि 1958 साली पोटातून दिल्याने गुण येतो हे दिसून आले. हा रोग महिनोन्महिने लेप लावीत अंगावर काढला तर गळू होऊन तेथील केस कायमचे जाऊ शकतात, आणि घरातील इतर मुलांसही तो लागतो. त्या माउलीला मी प्रश्न परत दिला, तो याच कारणाने. नात शाळेत जाणारी होती.

जाड, चंदेरी, कडा स्पष्ट असलेले आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर उतरणारे थर असतील, कोपर-गुडघ्यांवरही तसेच असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. आणि आपल्या वयाच्या मंडळींस सांगतो, केसांना कलप किंवा 'काळी मेंदी' लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खाज, सूज आणि पाणी सुटले तर तो कोंडा नव्हे, रंगातील रसायनाची बाधा होय. खरी मेंदी काळी नसते. काळेपणासाठी तिच्यात पॅराफेनिलीनडायमीन मिसळलेले असते. पुडीवर पानाचे चित्र असले म्हणून आतील वस्तू पानाची होत नाही.

ही ओळख पटली आणि साधा कोंडाच आहे असे ठरले, तर परसात उतरावयास हरकत नाही. कोणत्या वनस्पतीचे काय काम, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली शिकेकाई आणि रिठा. या दोहोंत साबणासारखा फेस देणारे द्रव्य असते, ते तेलकट थर उचलून नेते. आमच्या घरी शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा, बी काढलेले चार-पाच रिठे आणि थोडा वाळलेला आवळा रात्री पाण्यात भिजवून सकाळी उकळीत आणि फडक्यातून गाळून घेत. गाळणे महत्त्वाचे, कण राहिले की तेच कोंड्यासारखे दिसतात. रिठा डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो. माझ्या घरात तेव्हापासून न्हाताना मान मागेच असते.

दुसरी जास्वंद, आपली दसण. तिच्या पानांचा बुळबुळीत रस केस मऊ करतो आणि डोके सौम्यपणे धुतो. रुक्ष डोक्यास तो मानवतो. बुरशी मारण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडून करू नये. माका आणि ब्राह्मी यांच्या तेलाचेही तसेच. थंडावा आणि केसांची निगा हे त्यांचे काम.

तिसरी कोरफड. तिच्या गराविषयी केवळ परंपरेचा नव्हे, तर चाचणीचाही आधार आहे. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत कोंड्याच्याच जातीच्या, पण अधिक तीव्र विकाराच्या 44 प्रौढांपैकी काहींना कोरफडीचे मलम व काहींना नुसते मलम दिले होते. कोरफडीच्या गटात खवले व खाज अधिक कमी झाली. घरी पान कापल्यावर प्रथम निघणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, कारण तो त्वचेस झोंबतो. मग आतील पारदर्शक गर अर्धा तास लावून धुवावा.

चौथा कडुनिंब. पाने उकळून गाळलेले, कोमट झालेले पाणी शेवटी डोक्यावरून घेण्याची रीत जुनी आहे. बुरशीविरुद्ध त्याची शक्ती प्रयोगशाळेत दिसली आहे. परंतु काचेच्या बशीत जे घडते ते डोक्यावर तितकेच घडेल असे नाही. कडुनिंबाचे तेल उग्र असते, ते मुलांपासून दूर ठेवावे आणि लहान मुलाच्या पोटात कधीही जाऊ देऊ नये.

पाचवे झाड आपले नव्हे, ऑस्ट्रेलियाचे. टी-ट्री नावाच्या त्या झाडाच्या तेलाचे 5 टक्के प्रमाण असलेला शांपू 2002 सालच्या चाचणीत 126 जणांवर पाहिला गेला. चार आठवड्यांत कोंडा 41 टक्क्यांनी कमी झाला. नुसत्या शांपूच्या गटात 11 टक्क्यांनी. यातून मी दोन गोष्टी शिकलो. झाडात गुण असतो, ही पहिली. तो मोजून, ठराविक प्रमाणात आणि धुवून टाकण्याच्या रूपात दिला म्हणजे सिद्ध होतो, ही दुसरी. आजीची रीत आणि विलायती चाचणी यांचे येथे भांडण नाही.

आता न करण्याच्या गोष्टी. लिंबाचा रस डोक्यास चोळून उन्हात बसू नये. लिंबातील काही द्रव्ये उन्हाने चेतून त्वचा भाजतात, आणि कपाळावर उतरलेल्या ओघळांचे काळे डाग महिनोन्महिने राहतात. चाई पडली म्हणून बिब्बा लावू नये. त्याने फोड येतात. जुन्या ग्रंथांत दारुणकावर गुंजेचे तेल सांगितले आहे खरे, परंतु त्याच शास्त्रात गुंजेचे शोधन केल्याखेरीज ती वापरू नये असाही दंडक आहे. गुंजेचे बी चावून पोटात गेल्यास प्राणघातक होते. पहिले वाक्य वाचून दुसरे गाळणारा माणूस 1958 सालच्या माझ्यासारखाच. कोणताही नवा लेप आधी कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून दोन दिवस पाहावे. आणि चार आठवड्यांत गुण नाही, अथवा पाणी, पू, ताप, गाठी दिसल्या, केस चट्ट्याने गेले, तर पाट्या-वरवंट्यास विश्रांती देऊन त्वचेच्या डॉक्टरकडे जावे. कीटोकोनाझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटे ठेवून धुणे, हा त्यांचा नेहमीचा उपाय स्वस्त आणि गुणकारी आहे. तो घेण्यात पूर्वजांचा अपमान होत नाही.

पूर्वजांचा विषय निघाला म्हणून थोडे सांगतो. 1563 साली आपल्या गोव्यात गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ छापला गेला. येथील वनस्पती स्वतः पाहून आणि येथील वैद्यांना विचारून त्याने तो लिहिला. पणजीतील बागेस त्याचे नाव आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तेथील बाकांवर बसले असतील. त्यानंतर शतकाने कोचीन येथे डच अधिकारी व्हान रेडे याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. या तिघांनी 1675 साली दिलेले प्रमाणपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. गोव्यातून गेलेल्या समाजातील ही माणसे. कारकुनाच्या नजरेने मी त्या प्रमाणपत्राकडे पाहतो तेव्हा मला त्यात तारीख दिसते, नावे दिसतात आणि सही दिसते. झाडाचे नाव, चित्र आणि गुण जुळवून पाहिल्यावरच त्यांनी ते लिहून दिले. ओळखीशिवाय औषध नाही, हा दंडक त्यांनी पाळला. मी त्यांच्याच कुळातला असून पाळला नाही.

शेवटी महाजन मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. अग्रशाळेच्या मागे तळीच्या वाटेवर थोडी जागा रिकामी आहे. तेथे आपण दहा-बारा वनस्पती लावाव्यात: माका, ब्राह्मी, कोरफड, दसण, शिकेकाई, रिठा, आवळा, कडुनिंब आणि अशाच इतर. प्रत्येकीजवळ एक पाटी असावी. पाटीवर नाव, वापरण्याचा भाग आणि रीत तर असावीच, परंतु 'केव्हा वापरू नये' ही ओळ ठळक अक्षरांत असावी. ती ओळ वैद्य व डॉक्टर दोघांकडून तपासून घ्यावी. आपल्या कुळाव्यांत दोन्ही पेशांची माणसे आहेत. रोपांचा आणि पाट्यांचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून आनंदाने करीन.

त्या बागेत सीताफळाचेही एक झाड असावे, अशी माझ्या बहिणीची इच्छा आहे. आज ती समोर बायकांत बसलेली आहे, आणि ही गोष्ट सांगण्याची परवानगी तिनेच दिली. त्या झाडाच्या पाटीवर काय लिहावे, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, "लिही, फळ गोड आहे, ते खावे. बी फेकून द्यावे."

 श्री सर्वांचे रक्षण करो.